प्रश्न मेंदूचा, पगार संगणकाचा

तिरफळ
मंगळवार, रात्री ११:४०

माझा भाचा सांगलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा त्याचा मेसेज आला, "मावशी, मला ब्रेन आणि एआय दोन्हीत रिसर्च करायचाय. तू केलंस तसं. सुरुवात कुठून करू?" उत्तर लिहायला बसले ते इतकं लांबलं की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने ते वाचलंच नसतं. शिवाय 'तू केलंस तसं' वाचून हसू आलं. मी ठरवून काहीच केलेलं नाही. पुण्यात बी.ई., मग तीन वर्षं बँकांसाठी सॉफ्टवेअर, मग कंटाळा, मग आपल्याकडच्याच एका संस्थेत न्यूरोसायन्समध्ये पीएचडी (साडेसहा वर्षं) आणि आता परदेशात दुसरा पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधकाची जागा). वय ३७. बायोडेटात हे सगळं एका रेषेत दिसतं. नातेवाईक अजूनही लग्नकार्यात मला अर्धशिशीवर औषध विचारतात.

इथे दोन्हीकडचे लोक आहेत हे माहीत आहे. चुकेल तिथे टोका.

आधी नोबेलचं बोलून टाकते, कारण हल्ली प्रत्येक मुलगा तिथूनच सुरुवात करतो. २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं. हॉपफील्ड मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९८०मध्ये कॅलटेकला गेले ते रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. १९८२चा त्यांचा गाजलेला पेपर आठवणी साठवणाऱ्या न्यूरॉन्सच्या (मेंदूतल्या पेशींच्या) जाळ्याबद्दल. तो उचलला संगणकवाल्यांनी, आणि चार दशकांनी बक्षीस आलं ते परत भौतिकशास्त्राच्या खात्यातून. भाचा म्हणेल, बघ, कुठूनही कुठेही जाता येतं. मला त्यात वेगळंच दिसतं. हा माणूस आधी भौतिकशास्त्रात इतका मुरलेला होता की पुढे कुणाच्याही दारात उभा राहिला तरी लोक 'या, बसा' म्हणत होते.

हिंटनचं आणखी निराळं. केंब्रिजमधून १९७०मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी, मग काही काळ सुतारकाम (खरंच), मग एडिंबरात एआयमध्ये पीएचडी, १९७८. तेव्हा न्यूरल नेटवर्क (न्यूरॉन्सच्या धर्तीवर संगणकात बांधलेलं गणिती जाळं) म्हणजे बुडीत खातं. त्यांच्या स्वतःच्या मार्गदर्शकाचाही त्यावरचा विश्वास उडाला होता. ससेक्स, सॅन डिएगो, कार्नेगी मेलन, १९८७मध्ये टोरांटो. अमेरिकी लष्कराच्या पैशावर संशोधन करायचं नाही हेही अमेरिका सोडण्यामागचं एक कारण. १९९८मध्ये संगणकीय न्यूरोसायन्सचं गॅट्स्बी केंद्र उभारायला लंडनला गेले, तीन वर्षांनी परत. जगाला त्यांचं म्हणणं पटलं २०१२मध्ये, दोन विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या त्यांच्या नेटवर्कने चित्रं ओळखायची स्पर्धा मोठ्या फरकाने मारली तेव्हा. पीएचडीनंतर ३४ वर्षांनी! त्याच वाटेवर निघून मध्येच थांबलेल्यांची यादी कुणी छापत नाही.

म्हणून भाच्याला मी फ्रँक रोझेनब्लॅटबद्दल वाचायला सांगणार आहे. हाही मानसशास्त्रज्ञ. १९५८मध्ये पर्सेप्ट्रॉन (उदाहरणांवरून शिकणारं साधं न्यूरल नेटवर्क) मांडला, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. १९६९मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी त्या रचनेच्या मर्यादा गणिताने दाखवल्या आणि त्या विषयातला रस आटत गेला. रोझेनब्लॅट तोवर कॉर्नेलमध्ये भलत्याच कामाला लागले होते : शिकवलेल्या उंदरांच्या मेंदूचा अर्क न शिकलेल्या उंदरांना टोचला तर शिकवण पोचते का. १९७१मध्ये, ४३व्या वाढदिवशी, ते नौकेच्या अपघातात गेले. आज ज्याला डीप लर्निंग (अनेक थरांची न्यूरल नेटवर्क) म्हणतात त्याचं मूळ शोधायला गेलं तर त्यांच्यापर्यंत जावंच लागतं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक विभागाची एक वही असते आणि तुमचं काम त्या वहीत मांडलं गेलं तरच ते काम. संगणकवाल्यांच्या वहीत परिषदेतला पेपर हा खरा पेपर. वर्षाला एक-दोन नसतील तर झोपला होतात का विचारतात. मेंदूवाल्यांच्या वहीत परिषदेतलं पोस्टर म्हणजे गावजेवणाला हजेरी. तिथे जर्नल लागतं, आणि प्राण्यांवरचा प्रयोग असेल तर एका पेपरला चार-पाच वर्षं सहज जातात. नावांचा क्रमसुद्धा वेगळा : जीवशास्त्रात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबच्या मालकाचं, सैद्धांतिक संगणकशास्त्रात सरळ आडनावाच्या अकारविल्हे. न्यूरिप्स ही परिषद १९८७मध्ये डेन्व्हरला सुरू झाली तेव्हा दोन्हीकडचे एकाच मांडवात होते. नावात 'न्यूरल' अजून आहे, मांडव जवळजवळ सगळा मशीनवाल्यांचा झालाय. गणिताकडे झुकलेले मेंदूवाले आता कोसाइन या परिषदेला भेटतात.

माझ्यावर गुदरलेलं सांगते. एका ठिकाणी जीवशास्त्राच्या निवड समितीने विचारलं, "हे तर सगळे कॉन्फरन्सचे, जर्नल कुठे आहेत?" दोन महिन्यांनी दुसऱ्या गावी संगणक विभागात, "इतक्या वर्षांत पहिल्या नावाचे तीनच?" कागद तोच होता, मी फक्त बस बदलली होती.

दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात. या विषयात ठेवावेच लागतात. पण एक डगर आधी पक्की लागते. डेमिस हसाबिसचं (डीपमाइंड या एआय कंपनीचा संस्थापक) नाव भाचा दर दोन वाक्यांनी घेतो. त्याने न्यूरोसायन्समध्ये पीएचडी केली हे खरं (२००९, लंडन, स्मृती गेलेल्या रुग्णांना भविष्याची कल्पनाही नीट करता येत नाही हे त्याचं गाजलेलं काम). पण त्याआधी केंब्रिजची संगणकशास्त्राची पदवी आणि स्वतःची गेम बनवणारी कंपनी चालवून बंद करण्याचा अनुभव गाठीशी होता. 'दोन्हीतलं थोडं थोडं' येणारा माणूस मीटिंगमध्ये सगळ्यांना हवा असतो, जागा निघते तेव्हा कुणाच्याच यादीत नसतो. म्हणून भाच्या, आधी गणित आणि प्रोग्रॅमिंग इतकं पक्कं कर की मेंदूचं काहीच जमलं नाही तरी पोट भरेल.

पोटावरून. २०२३पासून जेआरएफ (पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांची सरकारी फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (त्यापुढची) ४२,००० आहे, वर घरभाडं. पंतप्रधान फेलोशिप मिळाली तर ७० ते ८० हजार, पण ती थोड्यांना. आकडा ठीक आहे, तारीख ठीक नसते. माझी फेलोशिप एकदा सात महिने अडकली होती. मेसच्या काकूंनी नुसतं वहीत लिहून ठेवलं, एकदाही विचारलं नाही. पीएचडीच्या आभारात त्यांचं नाव गाइडच्या आधी आहे.

कुठे करावं यावर नंतर लिहीन. झोप येतेय.

---

आरामखुर्ची
बुधवार, सकाळी ६:१५

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर चहानंतर.

---

उंटावरचा शहाणा
बुधवार, सकाळी ९:५०

लेख आवडला, पण ताई, थोडं स्पष्ट बोलतो. मी बंगळूरला एका कंपनीत मशीन लर्निंगची टीम सांभाळतो. पोरं घेतो, पोरं काढतो. मला एक सांगा, आज एआय करायला मेंदू कशाला हवा? ट्रान्सफॉर्मर (चॅटजीपीटीसारख्यांच्या मागची रचना) २०१७मध्ये आलं. त्यात न्यूरॉन, सिनॅप्स, कॉर्टेक्स कुठे काय आहे? गणित, डेटा आणि जीपीयू (झपाट्याने आकडेमोड करणाऱ्या चिप). विमान बनवायला पक्ष्यांचे पंख मोजत बसावं लागत नाही.

तुमच्या भाच्याने सरळ संगणकात पीएचडी करावी, नाहीतर नोकरी. साडेसहा वर्षं ३७ हजारांत काढायची आणि शेवटी आमच्याकडेच यायचं, तर मग आधीच या की!

---

गवती चहा
बुधवार, सकाळी १०:२०

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

तिरफळ
बुधवार, दुपारी १:०५

शहाणेसाहेब, पक्ष्यांचे पंख राइट बंधूंनीही निरखले होते, पण ते असो.

तुमचं अर्धं मान्य. आजचं एआय वापरायला मेंदूचा अभ्यास लागत नाही. पण ते आलं कुठून? ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या दृष्टि-कॉर्टेक्सवर (मेंदूच्या बाहेरच्या थरातला बघण्याचा भाग) काम केलं. त्यावरून जपानमध्ये कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८०मध्ये निओकॉग्निट्रॉन (आकृत्या ओळखणारं नेटवर्क) मांडला. ते कुठे नोकरीला होते? एनएचकेत, म्हणजे जपानच्या आकाशवाणी-दूरदर्शनच्या प्रयोगशाळेत. आजच्या, चित्रं ओळखणाऱ्या कन्व्होल्यूशन नेटवर्कचं घराणं तिथवर जातं.

आणि उलट दिशेचं याहून सुंदर आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतले डोपामिन हे रसायन सोडणारे न्यूरॉन नोंदवत होते. माकडाला अचानक रसाचा थेंब मिळाला की न्यूरॉन पेटतात. दिवा लागला की रस येतो हे माकड शिकलं की ते दिव्याला पेटतात, रसाला नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर बरोब्बर रसाच्या वेळेला ते थंडावतात. याचा अर्थ लावला पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी. दोघे टेरी सेनॉव्स्कीच्या लॅबमध्ये पोस्टडॉक होते आणि त्यांच्या हातात रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांचं रीइन्फोर्समेंट लर्निंगचं (बक्षिसातून शिकण्याचं) गणित होतं. त्या गणितातली 'अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत' ही राशी आणि माकडाच्या न्यूरॉनचा आलेख एकावर एक बसले. १९९७चा पेपर. पुढे शुल्ट्झ आणि डायन यांना २०१७चं ब्रेन प्राइझ (रे डोलन यांच्यासह), बार्टो आणि सटन यांना २०२४चं ट्युरिंग (संगणकशास्त्रातलं सर्वांत मानाचं पारितोषिक). सटनची पहिली पदवी मानसशास्त्राची होती.

इथे कुणीही 'एआय करायला मेंदू' शिकत नव्हतं. डायनला प्रश्न मेंदूचा होता आणि गणित पक्कं होतं. भाच्याला मला हेच विचारायचंय की तुला प्रश्न कुठला पडलाय. एआयचा पडला असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, त्याने तुमच्याकडेच यावं.

---

रानजाई
बुधवार, दुपारी ३:३०

मी या रस्त्याने उलट्या बाजूने आलेय, म्हणून लिहिते. कोल्हापूरला बी.एस्सी. झूऑलॉजी, मग एम.एस्सी. मॅट्रिक्स बारावीनंतर पाहिलीच नव्हती. पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये कुणीतरी 'आयगेनव्हॅल्यू' म्हटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. रात्री खोलीवर येऊन रडले आणि मग धाकट्या भावाची बी.ई.ची गणिताची पुस्तकं मागवली.

तिरफळताईंचा मुद्दा बरोबर असला तरी एक गोष्ट त्यातून निसटलीय. इंजिनिअर मेंदूत आला की त्याचं कौतुक होतं, 'बघा, क्वांटिटेटिव्ह मुलगा मिळाला'. बायोलॉजीची मुलगी पायथन शिकली की 'हं, कोड पण लिहिते वाटतं'. दोघं सारखंच चाललेले असतात. आणि बी.ई., बी.टेक. झालेल्यांना आपल्या बऱ्याच संस्थांत थेट पीएचडीला घेतात, आम्हाला एम.एस्सी. लागते. म्हणजे दोन वर्षं तिथेच पुढे-मागे.

मला तारलं ते बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या कॅम्प या शाळेने. स्मृती आणि प्लॅस्टिसिटीवर (मेंदूची बदलत राहण्याची क्षमता) संगणकीय अंगाने शिकवतात. तिथे एका बाकावर फिजिक्सवाला, एका बाकावर डॉक्टर, आणि गंमत म्हणजे डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. एनसीबीएसचेच उपिंदर भल्ला बघा : कॅलटेकला पीएचडी, तिथल्या जेनेसिस या न्यूरॉन सिम्युलेटरच्या कामात सहभाग, मग पोस्टडॉकला पेशीतल्या रसायनांच्या साखळ्यांची मॉडेल्स. परत आल्यावर त्यांच्या लॅबमध्ये एका खोलीत कोड आणि दुसऱ्या खोलीत उंदीर. मी असा संसार दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही.

भाच्याला सांगा, गणित पक्कं आहे ना, छान. आता एक उन्हाळा कुठल्यातरी लॅबमध्ये जाऊन उंदराचा पिंजरा साफ कर. वास सहन झाला तर पुढे बोलू.

---

उंटावरचा शहाणा
बुधवार, दुपारी ३:४५

आयगेनव्हॅल्यूला मीही मान डोलावायचो. चार वर्षं.

---

आरामखुर्ची
बुधवार, सायंकाळी ५:००

रुमाल उचलतो.

तुम्हा मुलांना हे सगळं नवीन वाटतं, पण मुंबईत हे फार आधीपासून आहे. टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आर. नरसिंहन यांच्या पुढाकाराने टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला, १९६०मध्ये तो कामाला लागला. तेच नरसिंहन पुढे मूल भाषा कशी शिकतं, वर्तनाचं प्रतिमान कसं करायचं याकडे वळले. आणि त्याच संस्थेत १९६२मध्ये ओबेद सिद्दिकींनी रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू केला, पुढे ते फळमाशीच्या वास-चवीच्या मज्जातंतूंवर गेले आणि त्यांच्याच प्रयत्नांतून एनसीबीएस झालं. म्हणजे संगणक आणि मेंदू कुलाब्याच्या एकाच आवारात होते. एकमेकांशी किती बोलत होते ते मला माहीत नाही, कँटीन मात्र छान होतं (मी पाहुणा म्हणून दोनदा जेवलोय, एवढीच माझी पात्रता).

तिथेच आज शुभा टोळे आणि विदिता वैद्य आहेत, दोघींनाही इन्फोसिस पारितोषिक मिळालंय. त्या संगणकवाल्या नव्हेत, पण परदेशात पीएचडी आणि पोस्टडॉक करून मुंबईत लॅब उभारता येते हे आपल्या मुलींना दाखवणारी ही नावं आहेत, म्हणून लिहिली.

---

मुक्काम पोस्ट नेकार
बुधवार, रात्री १०:५०

लेख आणि प्रतिसाद दोन्ही भारी. मी जर्मनीत आहे, चौथं वर्ष. 'परदेशात पोस्टडॉक' हे वाक्य भारतात फार सहज म्हटलं जातं, म्हणून इथलं थोडं.

जर्मनीत एक कायदा आहे, विद्यापीठातल्या तात्पुरत्या करारांचा. पीएचडीच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं, एवढाच काळ त्या कायद्याखाली मुदतीच्या करारावर राहता येतं (वैद्यकशास्त्राला नंतरची नऊ, मूल झालं तर प्रत्येकी दोन वर्षं वाढीव). तोवर प्राध्यापक झालात तर ठीक. नाहीतर दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या पैशावर लटका, किंवा बाहेर. कायमची खालची पदं जवळजवळ नाहीतच. २०२१मध्ये इथे मोठा आरडाओरडा झाला. मंत्रालयाच्या एका व्हिडिओत 'हाना' नावाची कार्टून संशोधिका होती, तिच्या उदाहरणाने हे करार किती चांगले ते सांगितलं होतं. मग हजारो लोकांनी 'मीच हाना' म्हणून ट्विटरवर आपापल्या कहाण्या लिहिल्या.

विषयाला धरून : ट्युबिंगेनला मॅक्स प्लँकची बायॉलॉजिकल सायबरनेटिक्सची संस्था आहे, वर उल्लेख झालेले पीटर डायन आता तिथेच संचालक आहेत. त्याच गावात मशीन लर्निंगवाल्यांची मोठी वस्ती झालीय. त्यामुळे मेंदूत पीएचडी केलेली मुलं टेकडी न उतरता दुसरीकडे नोकरीला लागतात. गाव एवढंसं, पण वही बदलता येते.

बायको बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये आहे, दुसऱ्या शहरात. रविवारी रात्रीची ट्रेन. ती रद्द होते तेव्हा दोघं दोन फलाटांवर फोनवर बोलतो. याबद्दल कुठल्याही करिअर मार्गदर्शनात एक ओळ नसते.

---

सात्विक बाबा
गुरुवार, सकाळी ८:००

नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. रोबोटिक्सचा क्लास लावला आहे. न्यूरोसायन्ससाठी आत्तापासून कोणता फाउंडेशन कोर्स लावावा? बायोलॉजी ठेवावी की मॅथ्स?

---

गवती चहा
गुरुवार, सकाळी ८:२०

झोप ठेवावी.

---

तिरफळ
गुरुवार, सकाळी ८:५५

सात्विक बाबा, गवती चहाकडे लक्ष देऊ नका, पण तिचं बरोबर आहे. क्लास नको. जमलं तर दोन्ही विषय ठेवा, आणि त्याने एखादी गोष्ट खोलून परत जोडता न आल्याने घरात पसारा केला तर रागावू नका. बाकी दहावीनंतर बघू.

---

खिडकीजवळची
गुरुवार, दुपारी १२:१५

मी प्रयोगवाली. माकडांबरोबर काम करते, हरयाणातून लिहितेय (मानेसरचं नाव घेतलं की ओळखीचे ओळखतात, म्हणून थांबते. अरे, घेतलंच!).

माझी एक तक्रार इथे मांडू द्या. एका माकडाला खुर्चीत शांत बसून पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायला शिकवायला कित्येक महिने जातात. मग शस्त्रक्रिया. मग रोज सकाळी सहाला लॅब, गणपतीत, दिवाळीत, स्वतःला ताप असताना. कारण माकडाला कॅलेंडर कळत नाही. दीड-दोन वर्षांनी हाती आकडे लागतात. आणि मग कॉम्प्युटर सायन्सचा एक गोड मुलगा येतो, "मॅडम, डेटा द्या ना, मॉडेल बसवतो." तीन महिन्यांत मॉडेल बसतं, परिषदेत पेपर जातो, पहिलं नाव त्याचं, माझं मधे कुठेतरी. मेंदूवाल्यांच्या वहीत मधलं नाव म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. छापतात, वाचत कुणी नाही.

म्हणून 'आधी गणित पक्कं कर, मग मेंदूकडे ये' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. हातोडा पक्का करून आलेल्याला सगळीकडे खिळेच दिसतात. प्रश्न आधी घेऊन आलेले इंजिनिअर वेगळे असतात. मृगांक सुर बघा : आयआयटी कानपूरचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पीएचडीही त्यातलीच, पण एमआयटीत जे काम गाजलं ते फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या डोळ्यांचे तंतू श्रवणाच्या कॉर्टेक्सकडे वळवण्याचं. तिथलं कॉर्टेक्स बघायला शिकलं! हा प्रश्न कोडमधून येत नाही. आयआयएस्सीचे (बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था) एस. पी. अरुण आयआयटी बॉम्बेचे इलेक्ट्रिकलवाले, माकडांच्या दृष्टीवर काम करतात. आणि पवन सिन्हा, आयआयटी दिल्लीचे कॉम्प्युटर सायन्सवाले. जन्मतः मोतीबिंदूने आंधळी असलेली मुलं भारतात आहेत, उपचार शक्य असून झालेले नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी प्रोजेक्ट प्रकाश काढला. मुलांवर शस्त्रक्रिया होते आणि मेंदू बघायला कसा शिकतो हेही कळतं. हाताने चाचपलेली वस्तू नव्याने दिसू लागल्यावर नुसत्या नजरेने ओळखता येते का, हा तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न. लगेच येत नाही, पण काही दिवसांत येऊ लागते, असं त्यांनी २०११मध्ये दाखवलं.

हे तिघेही 'आधी एक पक्कं' वालेच आहेत हे मला लिहिता लिहिता दिसतंय, त्यामुळे तिरफळ, खूश होऊ नकोस. माझं म्हणणं एवढंच, की ते प्रयोगाच्या खोलीत येऊन बसले. डेटा द्या म्हणाले नाहीत.

---

तिरफळ
गुरुवार, दुपारी २:४०

खूश झाले, लपवत नाही.

पण तुझा मुद्दा मी घेते. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तोच 'गोड मुलगा' होते. एका सिनिअर मुलीने मला तिच्या रेकॉर्डिंगला सलग तीन रात्री बसवलं, काही न बोलता. चौथ्या दिवशी मी तिच्या डेटातले 'आउटलायर' (इतरांपासून फार दूर पडणारे आकडे) काढून टाकण्याची भाषा बंद केली. त्यातले दोन आउटलायर रात्री दोन वाजता इलेक्ट्रोड सरकल्याचे होते, आणि बाकीचे खरे होते. खरे होते तेच पुढे माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण झालं.

तेव्हा दुरुस्ती : गणित पक्कं कर, पण ते आकडे जिथे जन्मतात त्या खोलीत बसल्याशिवाय मेंदूवाला म्हणवून घेऊ नको. आणि पेपरला बसण्याआधी नावांचा क्रम ठरवून घे, मेलवर, लेखी. नंतर सगळेच संत असतात.

'कुठे करावं' राहिलं होतं. बंगळूरला आयआयएस्सी आणि एनसीबीएस, मानेसरला एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर (संगणकीय न्यूरोसायन्सचं काम तिथे चांगलं चालतं). हैदराबादच्या ट्रिपल आयटीत आणि आयआयटी कानपूर, गांधीनगरकडे कॉग्निटिव्ह सायन्स (मन आणि आकलनाचा अभ्यास). आयआयटी मद्रासला मेंदूचं केंद्र आहे, २०२४च्या शेवटी त्यांनी मानवी गर्भाच्या मेंदूचा 'धारिणी' हा त्रिमितीय नकाशा खुला केला, ५,१३२ छेदांचा. एवढी चित्रं साठवणं, जोडणं हे मुळात इंजिनिअरिंग आहे. भाच्यासारख्याला हे दार मला सगळ्यांत मोकळं दिसतं. पण संस्था बघून जाऊ नये, गाइड बघून जावं, आणि गाइडकडून आधी बाहेर पडलेल्या दोघांना फोन करावा. तिसरा फोन अर्धवट सोडून गेलेल्याला.

---

बाकावरचा शेवटचा
गुरुवार, रात्री ९:३०

वय ४१, आयटी, हिंजवडी. दोन मुलं, एक होम लोन. हे सगळं वाचून पोटात कसंतरी झालं. मला हे करायचं होतं. आता काही होऊ शकतं का, की नुसतं वाचायचं?

---

रानजाई
गुरुवार, रात्री १०:१०

पीएचडीचं होम लोनवाल्याला मी सांगणार नाही, खोटं बोलल्यासारखं होईल. पण न्यूरोमॅच अकॅडमी बघा. २०२०मध्ये लॉकडाउनमध्ये ऑनलाइन सुरू झाली, संगणकीय न्यूरोसायन्सचा तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग. पायथन येत असेल तर तुम्ही आमच्या पुढेच आहात. आणि सगळं शिकवण्याचं साहित्य खुलं आहे.

---

मुक्काम पोस्ट नेकार
गुरुवार, रात्री ११:००

बाकावरचे, आणखी एक. फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा २०२४मध्ये आला : १,३९,२५५ न्यूरॉन, पाच कोटींच्या आसपास जोडण्या. प्रिन्स्टनच्या गटांनी पुढाकार घेतला. कच्चं काम मशीनने केलं, पण मशीनच्या चुका माणसांनी हाताने सुधारल्या, आणि त्यात संशोधकांबरोबर हौशी स्वयंसेवकही होते. त्याआधी २०१२पासून त्या पुढाकारातल्याच सबॅस्टियन सुंग यांच्या गटाचा आयवायर हा खेळ होता, घरी बसून लोक डोळ्याच्या पडद्यातले न्यूरॉन रंगवायचे. याने करिअर होत नाही. पण ते काम खरं आहे, खेळण्यातलं नाही.

शिवाय मोठ्या लॅब आता संशोधनासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे इंजिनिअर पगारावर ठेवतात. आमच्याकडे दोघे आहेत. प्राध्यापक जातात-येतात, लॅब त्यांच्यावाचून एक दिवस चालत नाही.

---

उंटावरचा शहाणा
शुक्रवार, सकाळी ७:४०

मी काल रात्री डोपामिनचा तो १९९७चा पेपर उघडला. सात पानांच्या आत. माकडाचे ते आलेख बघून बराच वेळ बसलो. आम्ही रीइन्फोर्समेंट लर्निंग गेली तीन वर्षं वापरतोय, टीममध्ये कुणालाही हे माहीत नव्हतं, मलाही नाही.

तरी सल्ला बदलत नाही, नोकरी आधी. पण एक भर : आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत मेंदूची पीएचडीवाली मुलं लगेच ओळखू येतात. आकडा चांगला आला की इतर खूश होतात, ही पोरं संशय घेतात.

---

तिरफळ
शुक्रवार, सकाळी ११:२०

भाच्याने धागा वाचला. सगळा. त्याचा मेसेज जसाच्या तसा : "मावशी, प्रश्न काय पडलाय ते माहीत नाही अजून. पण पिंजरा साफ करायला चालेल. आयसरला उन्हाळ्यासाठी मेल टाकतोय. लिनिअर अल्जिब्राचं तुझं ते जाडं पुस्तक कुठंय?"

पुस्तक आईकडे माळ्यावर होतं. आईने सांगितलं, वाळवी लागली म्हणून मागच्या पावसाळ्यात रद्दीत गेलं.

---

उंटावरचा शहाणा
शुक्रवार, सकाळी ११:३५

माझ्याकडे आहे. चार वर्षं मान डोलावली त्यामुळे कोरं करकरीत. पुढच्या आठवड्यात मिरजेला सासुरवाडीला येतोय, भाच्याला स्टँडवर भेटायला सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.